नौबतीखालून जायचं नाही

मंगळवारी सदफला कामावर रुजू व्हायचं होतं, आणि शनिवार उजाडला तरी तिच्या आजोबांच्या तोंडून होकार निघत नव्हता.

नोकरी काही कलेक्टरची नव्हती. लाल किल्ल्याच्या आतल्या बाजूला एक संग्रहालय आहे, तिथं काचेच्या कपाटांवर लक्ष ठेवायचं, लोकांना हात लावू द्यायचा नाही, संध्याकाळी कुलपं तपासायची. पण जुन्या दिल्लीतल्या सुईवालानच्या त्या गल्लीत, जिथं मुली फार तर शिवणकाम करून सासरी जात, तिथं ही नोकरी म्हणजे मोठीच गोष्ट होती. सदफचे अब्बा इसरार कूलर दुरुस्त करत. थंडी पडली की त्यांचं दुकान म्हणजे नुसती बसायची जागा. त्यांनी तर पेढ्यांची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की संग्रहालय नौबतखान्याच्या पलीकडे आहे.

पेढ्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. कारण आजोबांच्या, म्हणजे लड्डन मियाँच्या, घराण्यातलं माणूस नौबतखान्याखालून जात नसे.

हे घराणं नगारा वाजवणाऱ्यांचं. बादशाही होती तेव्हा किल्ल्यातल्या त्या दरवाज्याच्या माडीवर बसून यांचे पूर्वज नौबत झडवत. खालून जाणारा कितीही मोठा असो, अमीर असो की सुभेदार, तिथं त्याला हत्तीवरून, घोड्यावरून उतरावं लागे. फक्त बादशहाच्या रक्ताचे शहजादे तेवढे बसून जात. मग सत्तावनचा गदर झाला, बादशहाला पकडून नेलं, गोरे आत शिरले आणि नौबत थांबली. लड्डन मियाँच्या आजोबांचे आजोबा कल्लन खाँ माडीवरून खाली उतरले, टिपऱ्या कमरेला खोचल्या आणि दरवाज्याकडे तोंड करून शपथ घेतली, की जोवर इथं पुन्हा नौबत झडत नाही, तोवर माझ्या रक्तातलं कुणी या कमानीखालून जाणार नाही.

शपथ घेणाऱ्याचं काय जातं? कल्लन खाँ शपथ घेऊन आपले पुढं चार-दोन वर्षांत अल्लाला प्यारे झाले. पाळली ती पोरांनी, नातवांनी, पणतवांनी. त्यांच्यासाठी किल्ला म्हणजे लाहोरी दरवाजा आणि त्याच्या आतला छत्ता बाजार, बस्स. बाजारात बांगड्या घ्यायच्या, समोर लांबवर दिसणाऱ्या नौबतखान्याला सलाम करायचा आणि उलट पावली घरी यायचं. स्वतः लड्डन मियाँनी उभं आयुष्य किल्ल्यासमोरच्या मैदानात रामलीलेचा नगारा वाजवला होता. रावण रंगमंचावर यायच्या आधी त्यांचा नगारा असा घुमायचा की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची. किल्ल्याची भिंत दगड मारला तर लागेल इतकी जवळ. पण आत? नाव काढायचं नाही.

तशी त्यांच्या धाकट्या भावाची पोरं केव्हाच चोरून जाऊन आली होती, दिवाण-ए-आमसमोर फोटोबिटो काढून. लड्डन मियाँना ते माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं सोंग ते झकास वठवत.

"तूही जा की गुपचूप," सदफची आई कैसर स्वयंपाकघरात तिच्या कानाला लागली होती. "म्हाताऱ्याला काय कळतंय? सांगू, पोस्टात लागली म्हणून."

"आणि रोज संध्याकाळी त्यांच्या हातात चहा देताना काय सांगू? आज किती पत्रं आली ते?" सदफ म्हणाली. "मला नाही जमणार अम्मी. मला त्यांच्या तोंडून हवंय. हो तर हो, नाही तर नाही."

शनिवारी सकाळी ती सरळ जाऊन त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. लड्डन मियाँ उन्हाच्या पट्ट्यात पाय सोडून बसले होते.

"दादाअब्बा, ठरलं का?"

"नाही म्हणून सांगितलंय ना एकदा."

"इथं रजई पांघरून नाही म्हणणं सोपं आहे. तिथं चला. त्या दरवाज्यासमोर उभे राहा आणि मला नाही म्हणा. मग मी पुन्हा विचारणार नाही."

"मला आव्हान देतेस? कालची पोर तू!"

"रिक्षाचं भाडं देते म्हणतेय. आव्हान कसलं त्यात?"

लड्डन मियाँ हट्टाला पेटले की कुणाचं ऐकत नसत, हे गल्लीला ठाऊक होतं. त्यांना हट्टाला कसं पेटवायचं, हे एकट्या सदफला ठाऊक होतं. त्यांनी शेरवानी मागवली. पायमोजे मागवले. टोपी दोनदा बदलली. कैसरनं सुनेच्या धर्माला जागून स्टीलच्या डब्यात आलू-गोश्त आणि खमिरी रोट्या भरून दिल्या, जणू काही सासरे कलकत्त्याला निघाले होते.

ई-रिक्षा मैदानावरून गेली तेव्हा लड्डन मियाँनी नेहमीप्रमाणे आपल्या जुन्या जागेकडे बघितलं. रामलीलेचं मैदान रिकामं होतं, पोरं क्रिकेट खेळत होती. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी नगारा सोडला होता. जोडी घरात पोटमाळ्यावर होती, मोठा नर आणि छोटी मादी, तोंडं खाली करून ठेवलेली. वाजवणारा उरला नाही की नगारा पालथा घालायचा, ही त्यांच्याकडची रीत. इसरारला नगाऱ्यापेक्षा कूलरचे पंखे प्रिय होते, आणि मुलींना शिकवायची पद्धत नव्हती.

छत्ता बाजारात सावली आणि गारठा होता. दुकानदार पर्यटकांना पितळी हत्ती विकत होते. एका बांगड्यांच्या दुकानाशी सदफ थांबली.

"हीच ती पायरी," ती म्हणाली.

"कुठली?"

"शाळेची सहल आली होती ती. बाई सगळ्यांना आत घेऊन गेल्या आणि मी इथं बसले, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. दुकानवाल्यानं बसायला पोतं दिलं होतं."

लड्डन मियाँना आठवलं. त्या दिवशी पोरगी घरी येऊन म्हणाली होती, दादाअब्बा, मी नाही गेले आत. त्यांनी तिला उचलून अख्ख्या गल्लीतून मिरवलं होतं. हलवायाकडून गरम जिलब्या आणल्या होत्या. माझ्या रक्ताची, माझ्या रक्ताची, असं दिसेल त्याला सांगितलं होतं.

"रडलीस?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता.

"तेव्हा नाही. मुली परत आल्या आणि म्हणाल्या, आत संगमरवराचा एवढा मोठा तराजू कोरलाय. मग एक जण म्हणाली, हिला भुताची भीती वाटते म्हणून ही नाही आली. तेव्हा रडले." ती हसली. "पण जिलबी छान होती हां."

लड्डन मियाँना वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं, आणि त्याचं काय करायचं ते कळेना म्हणून ते काठी आपटत पुढं चालू लागले.

बाजार संपला, पुढं मोकळं आवार आणि हिरवळ. आणि समोर तो. इतकी वर्षं बाजाराच्या तोंडातून पाहिलेला, लांबून पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसणारा नौबतखाना. आज पहिल्यांदाच लड्डन मियाँ त्याच्या दिशेनं चालत होते आणि तो मोठा होत होता. लाल दगड, मधोमध उंच कमान, वर माडीच्या रिकाम्या कमानी. त्यांत कबुतरं बसली होती. माडीवर जायचा जिना दुरुस्तीसाठी बंद होता. भिंतीलगत गवंड्यांचं सामान पडलेलं, बांबू, लाकडी पट्ट्या, चुन्याचे पत्र्याचे डबे. गवंडी जेवायला गेले असावेत. कमानीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक हरयाणवी पहारेकरी पाय पसरून ऊन खात होता. खालून माणसांची नुसती रीघ लागली होती. चिप्स खाणारी पोरं, नवविवाहित जोडपी, बंगाली यात्रेकरूंचा एक घोळका. कुणाला कशाचं काही नव्हतं.

कमानीपासून थोडं अलीकडे दगडी कठडा होता. लड्डन मियाँ त्यावर टेकले.

"आता म्हणा," सदफ समोर उभी राहून म्हणाली. "नाही म्हणायचं असेल तर म्हणा. मी फोन करून कळवते त्यांना."

त्यांनी तोंड उघडलं. शब्द घरून तयार करून आणले होते, घराण्याची इज्जत, कल्लन खाँ, रक्त वगैरे. पण समोर तो दरवाजा होता आणि डोळ्यांपुढून ती पोत्यावर बसलेली पोर हलत नव्हती.

मग त्यांना आपले वालिद आठवले. अब्बांना एक सवय होती. जुम्म्याची नमाज झाली की ते लहानग्या लड्डनला कडेवर घेऊन छत्ता बाजारात येत आणि बाजाराच्या शेवटच्या खांबाशी उभे राहून नौबतखान्याकडे बघत राहत. बोलत नसत. घरी परतताना लड्डन विचारी, "अब्बा, आपण काय करत होतो?" अब्बा म्हणत, "वाट बघत होतो." कोणाची, ते लड्डनला वाटायचं की उघड आहे. बादशहाची. नाही तर लाटसाहेबाची, मग पुढं दिल्लीच्या सरकारची. कुणीतरी मोठा माणूस येईल आणि हुकूम देईल, वाजवा.

पण उभे असताना अब्बांची बोटं लड्डनच्या पाठीवर चालायची. लड्डनला वाटायचं, बापाला चाळा आहे. थाप, थाप, मध्ये बोटांची एक हलकी, भरभर झड, मग पुन्हा थाप. गुदगुल्या व्हायच्या म्हणून तो अंग चोरायचा, की अब्बा म्हणायचे, "हलू नको, चुकेल."

काय चुकेल?

लड्डन मियाँच्या पाठीवर काटा आला. इतक्या वर्षांनी ती बोटं पुन्हा पाठीवर चालू लागली होती आणि आता त्यांना बोल ओळखू येत होते. ती दरबाराची नौबत होती. अब्बा नौबतखान्याकडे तोंड करून, पोराच्या पाठीवर, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, दर शुक्रवारी नौबत वाजवत होते. वाजवावी असं वाटत होतं आणि मोठ्यानं वाजवायची हिंमत होत नव्हती. हुकूम नव्हता ना!

लड्डन मियाँना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. अख्खं घराणं नगाऱ्यावर जगलं. लग्नांत वाजवलं, उरुसांत वाजवलं, रावणासाठी वाजवलं. आणि इथली नौबत कधी वाजते म्हणून पिढ्यान् पिढ्या त्या खांबाशी उभे राहिले. अरे, वाजवणारे आपणच की! दुसरं कोण येणार होतं?

"दादाअब्बा? पाणी देऊ?" सदफ घाबरली होती.

"ते डबे बघ."

"कसले डबे?"

"चुन्याचे. त्यातला एक भरलेला आण, ओला असेल तर उत्तम. आणि एक रिकामा."

"कशाला?"

"आण म्हटलं ना! आणि पट्टीचे दोन तुकडे. विताएवढे. गाठ नको त्यात."

सदफनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि गेली. डबे ओढत आणले. लड्डन मियाँनी झाकणं घट्ट बसवली, बोटानं टिचकी मारून पाहिली. ओला डबा जाड बोलला, रिकामा चिरका. नर आणि मादी. अगदीच काही वाईट जोडी नव्हती. रिकामा त्यांनी उन्हाकडे सरकवला, पत्रा तापावा म्हणून. घरी मादी शेगडीवर तापवत, तसा.

पहिली थाप पडली ती थरथरतच. दुसरीही. तिसरीपासून मात्र हातांना स्वतःचंच आठवलं असावं.

पत्र्याचा आवाज तो. पण कमान उंच, दगड जुना, आणि आवाज आत शिरून घुमून बाहेर आला तेव्हा माडीवरची कबुतरं भर्रकन उडाली. चिप्स खाणारी पोरं थांबली. बंगाली घोळका वळून बघू लागला. पहारेकरी खुर्चीतून ताडकन उठला आणि तरातरा आला.

"ओ ताऊ! हे काय चालवलंय? किल्ला आहे, लग्नाचा मांडव नाही!"

लड्डन मियाँनी हात न थांबवता त्याच्याकडे पाहून मान तुकवली, जसा एखादा मुजरा स्वीकारावा. "उठलात ते बरं केलंत. इथं नौबत झडताना बसायचं नसतं."

"काय?"

"भाऊ, दोन मिनिटं," सदफनं हात जोडले. "दोनच मिनिटं. त्यांच्या आजोबांच्या आजोबांचं काम अर्धं राहिलंय."

पहारेकऱ्यानं डबे बघितले, म्हाताऱ्याची शेरवानी बघितली, मुलीचे डोळे बघितले. "साहेबांची फेरी यायच्या आत आटपा," तो म्हणाला. का कोण जाणे, तो पुन्हा खुर्चीत बसला मात्र नाही.

"जा," लड्डन मियाँ सदफला म्हणाले. "बघतेस काय? वाजतेय ना? जा."

सदफ वळली. कमानीच्या तोंडाशी क्षणभर थबकली, मग ओढणी सारखी केली आणि आत शिरली. त्या सावलीतून चालणारी तिची पाठ लड्डन मियाँ बघत होते आणि वाजवत होते. ती पलीकडच्या उन्हात पोचली. लाल दगडाच्या चौकटीत, हिरवळीवर, चिमुकली. तिनं वळून दोन्ही हात वर केले. लड्डन मियाँच्या छातीत असं काही भरून आलं की ते त्यांना पेलवेना. अब्बा, बघा, असं ते मोठ्यानंच म्हणाले. पहारेकऱ्याला वाटलं, त्यालाच काहीतरी दाखवताहेत. तोही बघू लागला.

"या!" पलीकडून सदफ ओरडली. "दादाअब्बा, या आता!"

लड्डन मियाँ हसून उठायला गेले आणि थांबले. उठायचं तर हात थांबवायला हवे. हात थांबले की नौबत थांबली. आणि नौबत थांबली की कमान पुन्हा मुकी, शपथ पुन्हा जिथल्या तिथं. वाजवणाऱ्याला जाता येत नाही. जाणारे जातात, वाजवणारा बसून राहतो. त्यांच्या घराण्याचं कामच ते होतं. खालून कोण कोण गेलं, आणि ते माडीवर बसून राहिले.

त्यांनी मान हलवली. "तू बघून ये," ते म्हणाले, पण ते तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. "तो तराजू बघून ये. मी बसतो."

सदफ तिकडून बघत राहिली. म्हातारा उठत का नाही, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही. शेवटी त्याच घरातली होती. ती हिरवळीच्या कडेला मटकन बसली. पिशवीतून आईनं दिलेला डबा काढला, झाकण उघडून रोट्या ओढणीत बांधल्या, आलू-गोश्ताची वाटी बाजूला ठेवली, रिकामा डबा आणि झाकण मांडीवर पालथी घातली आणि डब्यातल्याच चमच्यानं वाजवू लागली.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण भिंतीपलीकडच्या खोलीत वाढली होती ती, रोजचा रियाज ऐकत. थाप, थाप, झड, थाप. कमानीच्या आतून तो बारीक, स्टीलचा आवाज आला तसे लड्डन मियाँचे हात आपोआप थांबले. त्यांनी कान दिला. नौबत झडत होती. पलीकडून.

आणि ठेका उलटतो त्या पलट्यावर पोरगी चुकली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या आवर्तनात पुन्हा तिथंच, ठार चुकीची.

"तिथं नाही!" लड्डन मियाँ गरजले. काठी घेतली, उठले. "थाप तिथं पडत नाही! आधी झड, मग थाप! कान आहेत की भजी?" ती थांबली नाही, ऐकू गेलं नसावं. मग ते ओरडत पुढं निघाले, काठी आपटत, माणसांना बाजूला सारत. "अगं, पलटा असा तोडतात का? शंभरदा ऐकलंस घरात! थांबू नकोस, थांबू नकोस, वाजवत राहा, पण नीट वाजव!"

ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांना धाप लागली होती. सदफ वर बघत होती, चमचा तसाच चालू होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती का रडतेय ते लड्डन मियाँना कळेना. मग त्यांनी मागं वळून पाहिलं. नौबतखाना मागं होता. जन्मात प्रथमच त्याची दुसरी बाजू त्यांना दिसत होती. कमानीतून पलीकडे, लांब, बाजाराच्या शेवटी एक खांब दिसत होता, आणि त्याच्याशी कुणी उभं नव्हतं.

मग ते गुडघे धरत तिच्याशेजारी हिरवळीवर बसले आणि तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

"हे बघ," ते म्हणाले. "झड अशी. मनगट सैल सोड. मंगळवारी आत शिरताना डबा वाजवतच यायचं, समजलं? रोज. आणि पलटा चुकला तर तिथूनच उलट फिरायचं."

"आणि पहारेकरी ओरडला तर?"

"तो उभा राहतो," लड्डन मियाँ म्हणाले. "शहाणा माणूस आहे. चल, पहिल्यापासून."